ट्रॅक ऑडिओत बाउन्स कसे करायचे: एका भीमगीताच्या निमित्ताने

एप्रिलमध्ये नागपुरात भरदुपारी गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे आधी कूलर बंद करावा लागतो. त्याची घरघर कंडेन्सर माइक सोडत नाही. कूलर बंद झाला की दहा मिनिटांत खोली तापते, खोलीबरोबर लॅपटॉप तापतो, आणि जळू नये म्हणून प्रोसेसर आपला वेग आपणच खाली आणतो. मग काल रात्री सुरळीत वाजणारं प्रोजेक्ट आज दुपारी कडकड करायला लागतं, मध्येच थांबतं, ढोलकी एकीकडे आणि कोरस दुसरीकडे जातो.

१४ एप्रिलसाठी एक भीमगीत करत होतो तेव्हा हेच झालं. ३८ ट्रॅक होते. ढोलकी, पेटी, मुख्य आवाज आणि कोरस हे खरे, माइकवर घेतलेले. तानपुरा, संतूर, स्ट्रिंग्ज, बेस, टाळ्यांचा ठेका हे सगळं मिडीवर, प्लगइनमधून (सॉफ्टवेअरला जोडलेल्या, आवाज तयार करणाऱ्या किंवा बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून) वाजणारं. मिक्सिंग पुण्यातला मित्र करणार होता. त्याचं सॉफ्टवेअर वेगळं, त्याच्याकडे माझे प्लगइन नाहीत. म्हणजे दोन्ही अडचणींना उत्तर एकच होतं: सगळे ट्रॅक ऑडिओत बाउन्स करणं. ते काम नीट, न घाबरता आणि एकदाच कसं करायचं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

बाउन्स म्हणजे नेमकं काय होतं

मिडी म्हणजे नोटेशन. कोणता स्वर, केव्हा, किती जोरात, किती वेळ, एवढंच त्यात असतं. प्रत्यक्ष आवाज प्लगइन तयार करतं आणि तुम्ही जितक्या वेळा प्ले दाबाल तितक्या वेळा नव्याने तयार करतं. त्यावर इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब (घुमारा) अशा इफेक्टचं गणितही दर वेळी नव्याने होतं. बाउन्स केल्यावर तो आवाज वेव्ह फाइलमध्ये कायमचा लिहिला जातो. त्यानंतर कॉम्प्युटरला फक्त डिस्कवरची फाइल वाचायची असते. प्रोसेसरला हे काम अगदी हलकं.

शब्द टेपच्या काळातला आहे. चारच ट्रॅकच्या मशीनवर तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिघांवर पुन्हा रेकॉर्ड करायचं, याला बाउन्सिंग म्हणत. एकदा उतरवलं की आतला समतोल बदलता येत नसे. आज आपण मूळ ट्रॅक जपून ठेवू शकतो, पण ‘आता हे ठरलं’ असं म्हणण्याची ती सवय मला अजूनही मोलाची वाटते. संतूरचा आवाज रोज थोडाथोडा बदलत बसलो असतो तर १४ तारीख उलटून गेली असती.

तीन शब्दांत गोंधळ होतो, म्हणून ते आधी वेगळे करून घ्या. फ्रीझ म्हणजे तात्पुरतं गोठवणं: सॉफ्टवेअर आतल्या आत एक फाइल बनवतं, प्लगइनला विश्रांती देतं, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा सगळं पूर्ववत करून देतं. बाउन्स इन प्लेस म्हणजे त्याच प्रोजेक्टमध्ये त्या ट्रॅकचा खरा ऑडिओ ट्रॅक बनवणं. एक्स्पोर्ट म्हणजे फाइली प्रोजेक्टबाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये काढणं. लॅपटॉप दमला असेल तर फ्रीझ पुरतं. आवाज कापायचा, उलटा वाजवायचा, ताणायचा असेल तर बाउन्स इन प्लेस. दुसऱ्याकडे पाठवायचं असेल तर एक्स्पोर्ट.

पहिलं काम: प्रत काढा

काहीही करण्याआधी प्रोजेक्ट ‘सेव्ह ॲज’ करा आणि नव्या नावात ‘बाउन्स’ हा शब्द घाला. मूळ प्रोजेक्टला हात लावायचा नाही. त्यात मिडी, प्लगइनची सेटिंग्ज, ऑटोमेशन (आवाज वगैरे गाण्यात कुठे आपोआप बदलायचा त्याच्या नोंदी) सगळं जिवंत राहतं. गायक उद्या म्हणाला की सूर अर्ध्या पट्टीने खाली हवा, तर परत जायची वाट हीच.

मग त्या प्रतीत साफसफाई. न वापरलेले टेक, म्यूट करून ठेवलेले प्रयोग, रिकामे ट्रॅक काढून टाका. प्रत्येक ट्रॅकला नाव द्या. ‘ऑडिओ १७’ हे नाव पुण्यात बसलेल्या माणसाला काहीच सांगत नाही. फाइलचं नाव रोमन लिपीत, रिकामी जागा न सोडता ठेवावं, कारण देवनागरी नावं एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाताना, विशेषतः झिप फाइलमधून, कधीकधी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन पोचतात. मी आधी क्रमांक लावतो, मग वाद्य, मग बाजू: ०१ ढोलकी डावी, ०२ ढोलकी उजवी, असं. क्रमांकामुळे समोरच्याकडे ट्रॅक आपोआप ओळीत लागतात.

कुठून कुठपर्यंत

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रत्येक फाइल एकाच क्षणापासून सुरू झाली पाहिजे. कोरस गाण्यात दीड मिनिटाने येत असला तरी त्याची फाइल सुरुवातीपासूनच हवी, आधीचा दीड मिनिट शांततेचा. असं केलं की समोरचा सगळ्या फाइली एकदम शून्यावर टाकतो आणि गाणं जुळलेलं असतं. कोरसची फाइल कोरसपासूनच सुरू केली, तर ती कुठे ठेवायची हे त्याला अंदाजाने शोधावं लागेल.

पण सुरुवात अगदी पहिल्या ठोक्यावरही ठेवू नका. हे मी ढोलकीवाल्या काकांकडून शिकलो. पहिल्यांदा बाउन्स केलेलं गाणं त्यांना ऐकवलं. डोळे मिटून दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाले, “बाबू, माही पयली थाप कुठं गेली?” थाप होती, पण अर्धी. जिवंत वाजवणारा माणूस समेच्या किंचित आधी हात टाकतो, आणि तेवढ्यातच त्या उठावाची सगळी जान असते. मी निवड बरोबर पहिल्या बारच्या रेषेवर सुरू केली होती, त्यामुळे रेषेआधीचा तो कण कापला गेला. तेव्हापासून मी सगळं गाणं एक बार पुढे सरकवतो आणि एक रिकामा बार धरून बाउन्स करतो. गाणं ९६ बीपीएमचं असेल, तर चार मात्रांचा एक बार अडीच सेकंदांचा होतो. तेवढी मोकळी जागा भरपूर झाली. सरकवताना टेम्पोचे बदल आणि ऑटोमेशनही सोबत सरकलं का, ते बघा.

शेवटालाही तसंच. शेवटचा स्वर थांबला म्हणजे आवाज थांबला असं नसतं. रिव्हर्बची शेपटी, डिलेचे प्रतिध्वनी, संतूरच्या तारेचं विरत जाणं बाकी असतं. शेवटच्या स्वरानंतर दोन-चार बार जास्त घ्या. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘टेल’ नावाचा पर्याय असतो. एफएल स्टुडिओत तिथे ‘लीव्ह रिमेंडर’ निवडा. लॉजिकमध्ये टेल फाइलमध्ये घेण्याच्या पर्यायावर खूण करा. क्यूबेसमध्ये टेलची लांबी आकड्यात भरता येते.

कोरडा की ओला

ट्रॅक बाउन्स करताना त्यावरचे इफेक्ट छापायचे (ओला) की नाही (कोरडा)? माझा नियम सरळ आहे. जो इफेक्ट आवाजाचाच भाग आहे तो छापा, जो जागेचा भास देतो तो वेगळा ठेवा. बेसवरचं डिस्टॉर्शन, संतूरवरचा ‘कोरस’ नावाचा इफेक्ट, कोरस गाणाऱ्यांच्या आवाजांची ट्यूनिंग काढली तर वाद्यच वेगळं होईल. ते छापायचंच. पण मुख्य गायकाच्या आवाजावर मी खोलीत ऐकायला म्हणून टाकलेला मोठा हॉल रिव्हर्ब छापला, तर मिक्स करणाऱ्याचे हात बांधले जातात. छापलेला रिव्हर्ब नंतर स्वच्छ काढता येत नाही.

मन ठरत नसेल तर दोन्ही द्या: एक कोरडी फाइल आणि एक फक्त रिव्हर्बची. माझ्या मनात काय होतं ते समोरच्याला कळतं, आणि हवं तर तो आपला रिव्हर्ब लावू शकतो.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला फेडरचा, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्टीचा. बाउन्स करताना फेडर उणे ६ डेसिबलवर होता आणि ती पातळी फाइलमध्ये छापली गेली. नव्या ट्रॅकवरही फेडर उणे ६ वरच राहिला, तर एकूण उणे १२ होईल आणि वाद्य बुडेल. दुसरा सेंडचा, म्हणजे ट्रॅकचा आवाज वेगळ्या रिव्हर्बकडे पाठवणाऱ्या वाटेचा. रिव्हर्ब फाइलमध्ये छापला गेला आणि नव्या ट्रॅकचा सेंडही चालू राहिला, तर रिव्हर्ब दोनदा लागतो. एकदा माझा कोरस असाच विहिरीतून आल्यासारखा वाजत होता आणि तासभर मी इक्वलायझरमध्ये दोष शोधत बसलो. बाउन्स झाल्याबरोबर नव्या ट्रॅकचा फेडर, पॅन आणि सेंड तपासायची सवय लावून घ्या.

प्रत्यक्ष कुठे दाबायचं

लॉजिकमध्ये रीजन निवडून कंट्रोल आणि बी दाबलं की बाउन्स इन प्लेसची खिडकी उघडते. त्यात इफेक्ट वगळायचे का, व्हॉल्यूम आणि पॅनचं ऑटोमेशन घ्यायचं का, मूळ ट्रॅक तसाच ठेवायचा, म्यूट करायचा की पुसायचा, हे विचारतात. म्यूट निवडा. ‘नॉर्मलाइझ’ बंद ठेवा. हे सगळ्याच सॉफ्टवेअरना लागू आहे, कारण नॉर्मलाइझ प्रत्येक फाइल आपापल्या परीने मोठी करतं आणि वाद्यांमधलं तुम्ही जमवलेलं प्रमाण मोडतं.

एबलटन लाइव्हमध्ये ट्रॅकच्या नावावर राइट क्लिक करून आधी फ्रीझ, मग फ्लॅटन. फ्लॅटन केल्यावर मूळ मिडी त्या ट्रॅकवरून जातो, म्हणून आधी ट्रॅकची डुप्लिकेट काढून ती बंद करून ठेवा. यात इफेक्ट छापले जातात, पण मिक्सरचा फेडर छापला जात नाही, म्हणजे फेडरचा खड्डा इथे आपोआप टळतो. सगळं बाहेर काढायचं असेल तर एक्स्पोर्टच्या खिडकीत सर्व वेगवेगळे ट्रॅक हा पर्याय निवडा.

क्यूबेसमध्ये ‘रेंडर इन प्लेस’ आहे आणि छापायची पातळी निवडता येते: कोरडं, चॅनलच्या सेटिंगसह, किंवा पूर्ण सिग्नलमार्गासह. मिक्ससाठी पाठवताना मी सहसा मधला पर्याय घेतो. रीपरमध्ये ट्रॅकवर राइट क्लिक केलं की फ्रीझ आणि स्टेम (म्हणजे त्या ट्रॅकचा तयार ऑडिओ) ट्रॅकमध्ये रेंडर करण्याचे पर्याय दिसतात. बाहेर काढायला कंट्रोल-ऑल्ट-आर, आणि सोर्समध्ये निवडलेल्या ट्रॅकचे स्टेम. एफएल स्टुडिओत कंट्रोल-आर दाबून वेव्ह निवडा आणि ‘स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स’वर खूण करा. मात्र त्याआधी प्रत्येक वाद्य मिक्सरच्या वेगळ्या चॅनलवर टाकलेलं हवं, नाहीतर दोन वाद्यं एकाच फाइलमध्ये येतील. प्रो टूल्समध्ये बाउन्स इन प्लेसच्या कामाला ‘कमिट’ म्हणतात.

स्टेम किंवा ट्रॅक एक्स्पोर्ट करताना मास्टरवरचा, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या चॅनलवरचा, लिमिटर (आवाजाला ठरावीक पातळीवर जाऊ न देणारा) आणि कॉम्प्रेसर बंद करा. एकेक ट्रॅक एकट्याने लिमिटरमधून गेला की लिमिटर त्याच्याशी वेगळं वागतो. सगळे मिळून जातात तेव्हाचा परिणाम त्या फाइलींच्या बेरजेतून परत मिळत नाही. साइडचेन, म्हणजे एका ट्रॅकच्या इशाऱ्याने दुसरा दाबणं, तेही जपा. माझ्या गाण्यात ढोलकीच्या प्रत्येक थापेला बेस थोडा दबत होता. बेस एकटा सोलो करून बाउन्स केला असता तर काही सॉफ्टवेअरमध्ये ढोलकीचा इशाराच पोचला नसता आणि बेस सपाट आला असता. अशा ट्रॅकची फाइल उघडून तो दाब खरोखर छापला गेला आहे का, ते कानाने ऐका.

आकडे

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) प्रोजेक्टचा असेल तोच. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झवर असेल तर ४८, ४४.१ वर असेल तर ४४.१. पाठवण्याआधी बदलण्यात काही फायदा नाही. गाण्याचा व्हिडिओ होणार असेल तर सुरुवातीलाच ४८ वर काम सुरू करा.

बिट डेप्थ (प्रत्येक नमुना किती बिटांत लिहायचा ते) २४ किंवा ३२ फ्लोट. २४ बिटमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं साधारण १४४ डेसिबलचं अंतर मावतं, कोणत्याही वाद्याला पुरून उरेल इतकं. फरक एवढाच की आवाज शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटलमधल्या कमाल पातळीच्या, वर गेला तर २४ बिटमध्ये तो तिथेच कापला जातो. ३२ फ्लोटमध्ये तो शाबूत राहतो आणि नंतर खाली आणता येतो. म्हणून खात्री नसेल तेव्हा ३२ फ्लोट. नाहीतर शिखरं उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि २४ बिट निवडा. डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी बारीक खरखराट) फक्त अगदी शेवटी, तयार गाणं १६ बिटवर आणताना. मधल्या बाउन्समध्ये नको.

मोनोचा ट्रॅक मोनोच बाउन्स करा. एका माइकवर घेतलेला आवाज स्टिरिओत काढला तर फाइल दुप्पट होते आणि मिळत काहीच नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची स्टिरिओ फाइल मिनिटाला सुमारे १७.३ एमबी घेते, मोनो तिच्या निम्मी. माझे १४ मोनो आणि २४ स्टिरिओ ट्रॅक, गाणं पाच मिनिटांचं, मिळून सुमारे २.७ जीबी झाले. ३२ फ्लोटमध्ये तेच ३.६ जीबी झाले असते. मोबाइलच्या नेटवर अपलोड करायचं असेल तर हा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. जागा वाचवायची असेल तर २४ बिटच्या फाइलींना फ्लॅक चालेल, त्यात आवाजाचं काही जात नाही. एमपीथ्री पाठवू नका. त्यात आवाज तर घटतोच, शिवाय फाइलच्या सुरुवातीला थोडी रिकामी जागा घुसू शकते आणि ट्रॅक एकमेकांपासून सरकतात.

वेगात की गाण्याच्या चालीने

ऑफलाइन बाउन्समध्ये सॉफ्टवेअर गाण्याच्या वेळेची वाट बघत नाही, जमेल तितक्या वेगाने हिशेब करतं. आणि इथेच उन्हाळ्याची अडचण सुटते: प्ले करताना कडकडणारा ट्रॅकही ऑफलाइनमध्ये सहसा स्वच्छ निघतो, कारण उशीर झाला तरी बिघडत नाही. तापलेल्या लॅपटॉपवर काम जास्त वेळ चालेल, एवढंच.

दोन ठिकाणी मात्र रिअल टाइम बाउन्स करावं. एक, आवाज बाहेरच्या यंत्रातून जात असेल, म्हणजे खरा कीबोर्ड किंवा बाहेरचा कॉम्प्रेसर. दुसरं, मोठी सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांचा साठा) हळू हार्ड डिस्कवर असेल. घाईत एखादा स्वर डिस्कवरून वेळेत न आल्याने गळतो. माझ्या स्ट्रिंग्जमधले दोन स्वर असेच गेले होते. रिअल टाइममध्ये परत आले.

मे महिन्यात वावटळ सुटली की आमच्याकडे वीज जाते. बाउन्स सुरू करण्याआधी सेव्ह, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएस. अर्धवट लिहिलेली फाइल कधीकधी उघडते आणि वाजतेही, फक्त शेवट नसतो. म्हणून सगळ्या फाइलींची लांबी सारखी आहे का, हे फोल्डरमध्येच बघून घ्या. एखादी वेगळी दिसली तर ती परत काढा.

तपासणी

हे काम टाळू नका. नवं, अगदी रिकामं प्रोजेक्ट उघडा, त्याच सॅम्पल रेटवर. सगळ्या फाइली शून्यावर टाका. एकही प्लगइन न लावता प्ले करा. गाणं जुळून वाजलं पाहिजे. फेडर छापले असतील तर समतोलही ओळखीचा वाटला पाहिजे.

मग एकेक फाइल सोलो करून पूर्ण ऐका. होय, ३८ फाइली, म्हणजे तीन तासांहून जास्त. मी हे दोन रात्रींत केलं, नऊनंतर, खिडक्या उघड्या टाकून. टिकटिक, गळलेला स्वर, मध्येच थांबलेली शेपटी, मुदत संपलेल्या ट्रायल प्लगइनने घुसवलेला खरखराट, सगळं इथेच सापडतं. घाई असेल तर निदान सुरुवात, शेवट आणि प्रत्येक वाद्य पहिल्यांदा येतं ती जागा ऐका.

शंका असेल तर उलट फेजची चाचणी करा. मूळ ट्रॅक आणि बाउन्स केलेला ट्रॅक एकाच पातळीवर एकत्र वाजवा आणि एकाचा फेज (आवाजाच्या लहरीची वर-खाली दिशा) उलटा करा. दोन्ही हुबेहूब असतील तर पूर्ण शांतता होते. काही उरलं तर जे उरलं तोच फरक. एक लक्षात ठेवा: एकाच स्वरासाठी आळीपाळीने वेगळी सॅम्पल वाजवणारी वाद्यं, किंवा स्वतःच्या लहरीने डोलणारा सिंथ, दर वेळी थोडा वेगळाच वाजतो. तिथे शांतता होणार नाही आणि ती चूकही नाही. उलट अशा ट्रॅकचे दोन-तीन बाउन्स काढा आणि कानाला सगळ्यात गोड लागेल तो ठेवा.

पाठवताना सोबत काय

फाइलींच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल ठेवा. त्यात टेम्पो, ताल, सूर, सॅम्पल रेट, बिट डेप्थ आणि किती रिकामे बार आहेत ते लिहा. मी लिहिलं होतं: ९६ बीपीएम, केरवा, काळी एक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सुरुवातीला एक बार रिकामा, कोरस कोरडा, त्याचा रिव्हर्ब वेगळ्या फाइलमध्ये. सोबत तुमचं कच्चं मिक्सही जोडा, म्हणजे गाणं कसं वाजावं असं तुम्हाला वाटतं ते त्याला ऐकू येईल. मित्राचा एकही प्रश्न विचारायला फोन आला नाही, थेट मिक्सच आलं.

पेनड्राइव्हने द्यायचं असेल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असावा. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि सगळं एका झिपमध्ये घातलं की ती मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

गाणं तयार झालं आणि १२ एप्रिलच्या संध्याकाळी नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या मंडळाकडून निरोप आला: कार्यक्रमात गायक प्रत्यक्ष गाणार, ढोलकीही प्रत्यक्ष वाजणार, तेव्हा ढोलकी आणि मुख्य आवाज सोडून बाकीचा ट्रॅक हवा. प्लगइनवाल्या मूळ प्रोजेक्टमधून हे करायचं तर त्या उकाड्यात पुन्हा सगळं उघडावं लागलं असतं. आता बाउन्स केलेल्या फाइलींचं प्रोजेक्ट उघडलं, ढोलकीच्या दोन आणि आवाजाची एक अशा तीन फाइली म्यूट केल्या. ढोलकी नसली की बेसचा छापलेला दाब उगाच ऐकू येतो, म्हणून बेसची साइडचेनशिवाय काढून ठेवलेली दुसरी फाइल त्या जागी टाकली. रिकाम्या बारमध्ये काकांना उठाव कळावा म्हणून चार टिचक्यांचा काउंट टाकला आणि एक्स्पोर्ट केलं. काकांना फोनवर ऐकवलं. टिचक्या संपल्या, तानपुरा आणि पेटी सुरू झाली, आणि पलीकडून मांडीवर पडलेली त्यांची पहिली थाप मला स्पष्ट ऐकू आली.